खिंडीच्या अलीकडे

केनवडात मे महिन्याच्या भर दुपारी कोणी बर्फाच्या गोष्टी करायला लागलं, तर लोक त्याला आधी लिंबाच्या सावलीत बसवतात, डोक्यावर ओला दुपट्टा टाकतात आणि घरून कोणाला बोलावू म्हणून विचारतात. ऊन लागलं असणार, दुसरं काय. नीलिमा मॅडमसाठी मात्र कोणी दुपट्टा भिजवत नाही. ती बोलते, लोक ऐकतात, आणि ऐकून झालं की एकमेकांकडे पाहून म्हणतात, बरं हाये बॉ, आयकाले तरी थंड वाटते.

नीलिमा गावच्या शाळेत क्रीडाशिक्षिका. माहेर कारंजाचं. वडील जानराव एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे घाट, आणि घाट म्हणजे दुसरा गिअर. त्यापलीकडे त्यात काही पाहण्यासारखं असतं असं त्यांना कधी वाटलं नाही. ही मुलगी कॉलेजात असताना हिमाचलात गिर्यारोहणाचा कोर्स करून आली, तेव्हा तिच्या नाकाचं सालटं निघालेलं होतं आणि ती दारातच म्हणाली की मी परत जाणार. आई पंचफुलाबाईंनी नाकाला खोबरेल लावलं. जा, म्हणाल्या, पण तोंड झाकून जा.

तेव्हापासून ती दर उन्हाळ्यात जाते. लग्न झाल्यावर नवऱ्याला, संघदीपला, एकदा सोबत नेलं. परत आल्यावर त्यानं शांतपणे सांगितलं की जागा फार छान आहे आणि यापुढे मी घर सांभाळीन. मग ती गावातल्या मोठ्या माणसांना न्यायला लागली. शेतकरी, दुकानदार, कधी एखादी अंगणवाडीताई. पाठीवर सॅक, चार-सहा मुक्काम, शेवटी बर्फातली एक खिंड, आणि खाली.

यात एक पेच आहे आणि तो सोडवणं कोणाच्या हातात नाही. ती खिंड खरी मोकळी होते जूनच्या मध्यानंतर. आणि जूनच्या मध्यात केनवडचा शेतकरी बियाणं, खत आणि आभाळ सोडून कशाकडे पाहत नाही. त्याला उसंत असते ती मे महिन्यात, आणि मे महिन्यात वर बर्फ बसलेला असतो. म्हणजे आपल्याकडचा माणूस डोंगराला भेटायला जातो तेव्हा डोंगर अजून पांघरुणात असतो. नीलिमाला हे माहीत होतं. म्हणूनच ती लोकांना आधी बर्फावर चालायला शिकवायची, आणि बर्फ नसल्यामुळे कुटारावर शिकवायची.

तूर-सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, गुरांसाठी साठवून ठेवतात. गावातले जुने शेतकरी नानाजी, त्यांच्या खळ्यात त्याचा माणसाच्या दुप्पट उंचीचा ढीग असतो. एप्रिलच्या सकाळी सॅकमध्ये सोयाबीन भरून गावातली शहाणीसुरती माणसं त्या ढिगावर चढायची, गुडघ्यापर्यंत रुतायची, टाच आधी, टाच आधी, असं नीलिमा खालून ओरडायची, आणि वरून घसरताना काठी कशी रोवायची ते दाखवायची. नानाजी खाटेवर बसून पाहायचे. बैलांनी ते कुटार पुढे खाल्लं की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

त्या वर्षी ढिगावर चढणाऱ्यांमध्ये चतुराबाई होत्या. नानाजींच्या धाकट्या भावाची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत स्वतः करायच्या, पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक. सुनेचा पंजाबी ड्रेस घालून त्या पहिल्या दिवशी खळ्यात आल्या तेव्हा नानाजींनी खाटेवरची कूस बदलली आणि विचारलं, बर्फ पाहाले येवढ्या लांब कायले जातं, गोळेवाला येते तर खरा रोज. लाल पाह्यजे का हिरवा, थेवढं सांग.

चतुराबाईंनी कारण एकट्या नीलिमाला सांगितलं, सॅकचे पट्टे आवळताना. माहेरच्या शेतातून एक टेकाड दिसायचं. पलीकडे काय आहे विचारलं की आई म्हणायची, पलीकडं तुहं सासर. मग लग्न झालं, सासरी आल्या, तर सासरच्या शेतातूनही एक टेकाडच दिसत होतं. "मले येकदा अशा ठिकानी उभं राह्याचं हाये मॅडम, का दोन्हीकडचं येकाच वख्ती दिसन. बस. मंग मी खाली याले तयार हावो."

चतुराबाई नीलिमाला मॅडम म्हणायच्या आणि एकेरीत बोलायच्या. मॅडम, तू जेवली का. मॅडम, तुही चप्पल तुटून राह्यली. त्यात मानही होता आणि मायाही, आणि दोन्हींपैकी एक सोडायला त्या तयार नव्हत्या.

नीलिमा म्हणाली, "दाखवते काकू. पलीकडचं दाखवते. शब्द आहे माझा."

असे शब्द ती सहज द्यायची. आणि आजवर ते पुरेही पडले होते.

निघायला थोडेच दिवस उरले असताना गुलाबसिंगचा फोन आला. गुलाबसिंग म्हणजे वरच्या गावातला वाटाड्या; दर वर्षी तोच यांना घेऊन जायचा. तो फोनवर इतकं सावकाश बोलायचा की मध्ये रेंज गेली की काय असं वाटायचं. "मॅडमजी, इस साल बर्फ नीचे तक बैठा है. अभी परसों फिर गिरा. नाला ऊपर से बंद है, अंदर से खुला. सुबह पत्थर, धूप लगी तो आटा." मग बराच वेळ काही नाही. मग, "आना है तो आओ. पर जल्दी चढ़ना, जल्दी उतरना."

नीलिमानं सगळ्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवून हे जसंच्या तसं सांगितलं, गुलाबसिंगच्या थांबण्यांसकट. मोबाईलचं दुकान असलेला शिवम पहिल्यांदा बोलला. त्याचं म्हणणं सरळ होतं. रिसोड रोडचं डांबर वितळून चपलीले चिकटून राह्यलं, अन् बर्फ म्हंते मी वितळत नाई? हे कसं काय मॅडम? बाकीच्यांनी माना हलवल्या. डांबरासारखं डांबर जिथे हार मानतं तिथे बर्फाची काय कथा, असा एकूण सूर होता.

तिनं समजावलं. उन्हाळा सगळीकडे एकाच दिवशी लागत नाही. तो खालून वर चढतो, आणि माणसापेक्षा सावकाश चढतो. रात्री आभाळ मोकळं असलं की वरचा बर्फ कडक होतो, सकाळी त्यावर चालता येतं. ऊन पडलं की तोच बर्फ मऊ होतो आणि पाय गिळतो. नाल्यावर बर्फाचा पूल असतो, तो वरून जाड दिसतो आणि खालून पाणी त्याला खात असतं. म्हणून उजाडायच्या आधी निघायचं, ऊन तापायच्या आत खाली यायचं. लोकांनी पहिली सगळी माहिती लांबच्या नातेवाइकाच्या लग्नपत्रिकेसारखी घेतली, म्हणजे वाचून बाजूला ठेवली. शेवटचं मात्र लगेच पटलं. उन्हाळ्यात रानातलं कामही असंच करतात. ऊन चढायच्या आत घरी. यात शिकण्यासारखं काय आहे, असं चतुराबाई म्हणाल्या.

निघण्याच्या सकाळी नानाजी एसटीपर्यंत आले आणि भावजयीला म्हणाले, वर पोचली का फोन कर, गावाले सांगाले लागन. त्या बोलण्यात चिडवणं किती आणि काळजी किती, हे त्यांच्याही नीट लक्षात आलं नसावं.

पहिला बर्फ देवदारांच्या वर, वाटेच्या कडेला भेटला. मळकट, करडा, वर पानं आणि माती पडलेला. चतुराबाईंनी बोटानं थोडा उचलला, जिभेवर ठेवला आणि धुळीची चव हाये म्हणाल्या. मग जसजसे वर गेले तसतसा तो पांढरा होत गेला आणि वाट त्याच्याखाली दडायला लागली. नाल्यापाशी गुलाबसिंगनं सगळ्यांना थांबवलं. नाला दिसतच नव्हता, फक्त बर्फाचा उतार दिसत होता आणि त्याच्या पोटातून पाण्याचा आवाज येत होता, शेजारच्या घरात नळ चालू राहिल्यासारखा. गुलाबसिंगनं काठीनं ठोकून पाहिलं, मध्ये जिथे बर्फ किंचित खाली बसला होता ती जागा टाळली, आणि एकेकाला पार नेलं. शिवम अकोल्यापासून अखंड बोलत आला होता. पलीकडे पोचल्यावर तो खाली बसला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला.

खिंडीच्या दिवशी ते उजाडायच्या आधीच निघाले. आणि निघाल्याबरोबर नीलिमाच्या लक्षात आलं की तिनं लोकांना अर्धंच शिकवलं आहे. कुटार कधी गोठत नाही. बर्फ रात्रीत फरशीसारखा झाला होता, आणि तिची माणसं त्याच्यावर इमानानं टाच मारत होती, टाच आधी, टाच आधी, आणि टाच वाजून परत येत होती. शिवम दोनदा आडवा झाला. तिनं सगळ्यांना बुटांखाली काट्यांच्या साखळ्या बांधायला लावल्या, पाऊल सपाट कसं ठेवायचं ते तिथेच दाखवलं. वेळ गेला, पण थोडा. माणसं शिकली. चतुराबाई तर अशा चालायला लागल्या जणू धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, डोक्यावर भारा घेऊन चालल्या आहेत. समोरच्या कड्याच्या टोकावर ऊन आलं होतं, ह्यांच्या उतारावर अजून निळी सावली होती. सगळं वेळेत होतं.

मग मोठ्या खडकापाशी त्यांना मराठी ऐकू आलं.

खडकाच्या आडोशाला पाच-सहा जण बसले होते. खिंड करून उतरणारे. आता, एवढ्या उंचीवर आपली भाषा कानी पडली तर माणूस राम राम, जय भीम करून पुढे जातो, असं कोणाला वाटत असेल तर तो वऱ्हाडात राहिलेला नाही. कोनच्या गावचे? अकोल्याचे. अकोल्यात कुठं? अन् मूळ? मूळ निघालं तशी नाती निघाली. चतुराबाईंच्या मोठ्या जावेची बहीण त्यांच्यातल्या एकाच्या चुलत घरी दिलेली होती. शिवमचा साडभाऊ त्यांच्या गल्लीत राहत होता. थर्मास उघडला, चिवडा निघाला. आणि त्यांच्यातली एक बाई नीलिमाकडे मघापासून टक लावून पाहत होती, ती म्हणाली, तुम्ही जानराव ड्रायव्हरच्या कोण?

तिचं नाव धम्मदीपा. कारंजाची. कॉलेजला जायला जानरावांच्या गाडीत बसायची. ते कसे हॉर्न न वाजवता आरशातून पाहायचे आणि पाहिलं की आख्खी मागची बाकं गप्प व्हायची, हे तिनं करून दाखवलं. हुबेहूब. नीलिमा पोट धरून हसली. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर, बर्फात, ते असे अचानक आरशातून पाहतील असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

गुलाबसिंग उभाच होता. "मॅडमजी, धूप."

"हो, निघतोच."

आपल्याकडे पहिल्या 'निघतो'ला कोणी उठत नाही. उठलं तर भांडून निघाल्यासारखं दिसतं. पहिला निघतो म्हणजे विषय बदलायचा, दुसऱ्याला चप्पल शोधायची, तिसरा दारात, आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं. ही रीत केनवडात कोणाचं काही बिघडवत नाही. नीलिमा दुसऱ्यांदा निघतो म्हणाली आणि तिनं विचारलं की बसस्टँडमागचं ते चिंचेचं झाड अजून आहे का.

ते निघाले तेव्हा सावली उतारावरून सरकून गेली होती.

पहिल्यांदा फक्त साखळीच्या काट्यांना बर्फ चिकटायला लागला. मग गुलाबसिंगनं पाडलेल्या पायऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाच्या वजनानं ढासळायला लागल्या. मग पाय घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. आता टाच आधी चालत होतं, कुटारासारखंच, आणि लोकांना उलट सोपं वाटायला लागलं. नीलिमाला मात्र वाटत नव्हतं. वरच्या उतारावरून बर्फाच्या लहान लहान गोळ्या आपोआप सुटून खाली घरंगळत होत्या, मागे बारीक रेघ सोडत. कोणी ढकलल्या नव्हत्या, उतारच सैल व्हायला लागला होता.

खिंड दिसत होती. दोन काळ्या खडकांमध्ये बर्फाची खोलगट रेघ, आणि तिच्यावर फडफडणाऱ्या पताका. पताकांचे रंगही कळत होते.

चतुराबाई एका खडकाच्या कडेनं गेल्या आणि कमरेपर्यंत आत गेल्या. खडक तापतो, त्याच्या भोवतीचा बर्फ खालून पोकळ होतो. गुलाबसिंगनं सकाळीच सांगितलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. हात बर्फावर पसरून तशाच राहिल्या. शिवमनं आणि गुलाबसिंगनं त्यांना वर ओढलं, तर एक बूट आत राहिला. शिवमनं पोटावर झोपून तो हातानं उकरून काढला. चतुराबाईंनी बूट झटकला, घातला, नाडी बांधली आणि पताकांकडे बोट केलं. "थे पाह्य मॅडम. दिसून राह्यलं. हाक मारली त आयकू जाईन."

गुलाबसिंगनं नीलिमाकडे पाहिलं. तो नेणारा होता, ठरवणारी ती होती. तिनं वर पाहिलं. अजून एक गोळी सुटली, ही आधीच्यांपेक्षा मोठी होती. वर जाऊन परत येईपर्यंत हा उतार आणखी वाईट झाला असता, आणि त्याच्या खाली नाला होता, ज्याच्या मधल्या बर्फावर आता ऊन पडलं असणार.

"फिरायचं," ती म्हणाली.

शिवमसकट सगळे वळले. फक्त चतुराबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मॅडम, तू शब्द देल्ला व्हता."

नीलिमाची शाळेतली मराठी कुठल्या कुठे गेली. "देल्ला व्हता काकू. मोडून राह्यली. अन् बर्फामुळं नाई, माह्यामुळं. मी गोठीत बसली."

चतुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पताकांकडे. मग पाठ फिरवली आणि स्वतःच्याच पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवत उतरायला लागल्या.

नाल्यावर मधली जागा फाटली होती. हाताएवढी भेग, आणि तिच्यातून हिरवं पाणी दिसत होतं. गुलाबसिंगनं त्यांना लांबून, दगडांवरून, पाण्यात पाय घालून नेलं. नीलिमानं ती भेग एकदाच पाहिली, आणि खाली येईपर्यंत तिला ती दिसत राहिली.

मुक्कामावर चतुराबाईंनी बूट उन्हात ठेवले आणि तंबूकडे पाठ करून बसल्या. नीलिमानं चहा नेऊन दिला, तो त्यांनी घेतला. बोलणं मात्र दिलं नाही. नीलिमा बाजूला जाऊन दोर गुंडाळत बसली. गुंडाळलेला दोर तिनं सोडला आणि पुन्हा गुंडाळला. माफी मागावी असं तिला वाटत होतं, पण माफी मागितली की काकू, जाऊ दे, म्हणणार, आणि ते जाऊ दे ऐकायला ती तयार नव्हती. पुढल्या वर्षी नक्की, हेही ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं. पुढल्या वर्षी बर्फ किती असेल हे तिला माहीत नव्हतं.

उन्हं कलल्यावर चतुराबाई उठल्या आणि भाकरी भाजणाऱ्या गुलाबसिंगपाशी जाऊन बसल्या. "ओ भैया, तुम तो गये होंगे ना उधर. उधर को क्या हाये?"

गुलाबसिंगनं विचार केला. भाकरी उलटी केली. "बर्फ है, माताजी. फिर घास है. फिर एक गाँव है." मग तो थांबला, फोनवर थांबायचा तसाच. "गाँव में मेरी मौसी है."

"अच्छी हाये?"

"लड़ती बहुत है."

चतुराबाईंनी मावशीचं सगळं काढून घेतलं. किती मुलं, किती मेंढ्या, सुनेशी पटतं का. पटत नव्हतं. तिच्या घरासमोर काय दिसतं, असं विचारल्यावर गुलाबसिंगनं मान वळवून खिंडीकडे हात केला. हाच डोंगर, म्हणाला, मागच्या बाजूनं. मावशी त्याला नेहमी विचारते, तिकडे तुमच्याकडे काय आहे.

समाधान झालं असं चतुराबाईंच्या तोंडावरून दिसत नव्हतं. खिंड त्यांना हवीच होती आणि ती मिळाली नव्हती. मावशीनं ती भरून निघणार नव्हती. पण त्या उठल्या, नीलिमापाशी आल्या, आणि म्हणाल्या, "मॅडम, नानाजीले फोन लाव. त्यायले खोटं सांगनं मले जमनार नाई, अन् खरं तुह्या माघारी सांगाचं नाई, म्हनून तू इथंच बस."

रेंज एका दगडावर उभं राहिलं की यायची. चतुराबाई दगडावर उभ्या राहिल्या, नीलिमा खाली बसली, आणि फोनचा आवाज मोठा असल्यामुळे केनवडचा पंखासुद्धा ऐकू येत होता.

पोचली का, नानाजींनी विचारलं.

"नाई पोचलो. थोडक्यासाठी ऱ्हायलं. ऊन चढलं, बर्फ पिठावानी झाला, म्हनून मॅडमनं फिरवलं. बराबर फिरवलं. नाला फाटला व्हता भासरेबुवा, म्या डोयानं पाह्यला."

तिकडे पंखा फिरत राहिला. नानाजी गोळेवाल्याबद्दल काहीतरी म्हणणार अशी नीलिमाची खात्री होती. ते म्हणाले, बरं केलं. मग काळजी उतरली की माणसाचा आवाज चढतो तसा चढवून त्यांनी विचारलं, पण लवकर निघाले व्हते ना तुमी? मंग ऊन कसं चढलं?

नीलिमानं मान खाली घातली.

"गोठीत बसलो," चतुराबाई म्हणाल्या. "साऱ्याच बसलो. मी बी बसली. अकोल्याचे लोकं भेटले व्हते."

"अकोल्याचे? अकोल्यात कुठचे?"

"मोठ्या बाईच्या बहिनीच्या घरचे."

"कोनती बहीन? थे दर्यापूरले देल्ली थे का? अवो, मंग थे त माह्या साडूचे भाऊबंद लागतात! नाव काय म्हने त्यायचं? थांब, थांब, फोन ठिऊ नोको."

चतुराबाई दगडावर बसल्या. नाव आठवायला लागल्या, शिवमला हाक मारून त्याला विचारलं, शिवम धावत आला आणि त्यानं आपला साडभाऊही त्यात घातला. नीलिमा खालून पाहत होती. हे असंच होणार होतं. सकाळी, संध्याकाळी, नाल्याच्या काठावर, ऊन असो की बर्फ. त्याला नियम करून बंद करता येणार नव्हतं, आणि बंद झालेलं तिलाही सोसलं नसतं. फार तर तासभर आधी निघता आलं असतं. बोलण्याचा तास धरून.

नानाजी दोनदा 'ठेवतो' म्हणाले होते. वरच्या उतारावरून ऊन गेलं, हवा चावायला लागली, आणि बर्फाला सकाळचा कडकपणा पुन्हा यायला लागला. नीलिमानं अंगावरची शाल काढून चतुराबाईंच्या खांद्यावर टाकली. त्यांनी एका हातानं ती सावरली, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि सरकून तिला दगडावर जागा करून दिली.